पोहायच्या वर्गातली खाला

अमिरातीतल्या अल ऐनला येऊन पाच आठवडे झाले होते आणि तेवढ्यात घरातले सगळे डबे माझे दोनदा घासून झाले होते. पुण्यात मी शाळेत गणित शिकवायचे. सकाळी सातपासून पोरांचा कलकलाट. इथे सव्वासहाला मुलगा स्कूलबसमध्ये बसायचा, सातला नवरा हॉस्पिटलात जायचा. तिथली मशीनं सांभाळणं हे त्याचं काम. मग दुपारी तीनपर्यंत घरात मी आणि एसीचा घुर्र आवाज. दुबईत, अल कुसैसला नवऱ्याच्या मित्राकडे गेलं की मला हेवा वाटायचा. त्याची बायको चपला सरकवून खाली उतरायची आणि पाच मिनिटांत कोथिंबीर, कढीपत्ता, वर दोन मैत्रिणींशी गप्पा असं सगळं घेऊन यायची. अल ऐनला कोथिंबिरीसाठीसुद्धा गाडी काढावी लागते, आणि गाडी मला चालवता येत नव्हती.

चालत जाण्याजोगी एकच जागा होती. आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांवर बायकांचा एक क्लब. तिथे अरबी शिकवतात असं कळलं म्हणून एका सकाळी छत्री घेऊन गेले. सप्टेंबरातलं ऊन असं होतं की पोचेपर्यंत छत्रीची दांडीसुद्धा तापली.

काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "अरबीचा वर्ग सहा जणी जमल्या की सुरू होतो. सध्या तुम्ही एकट्याच आहात. पण पोहण्याच्या वर्गात एक जागा आहे. सोमवार-बुधवार, सकाळी दहा. नाव लिहू?"

आता इथे माझ्या नवऱ्याचा दोष आहे. त्याने मला पढवून ठेवलं होतं, "अगं, इथे कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. इन्शाल्ला म्हणायचं. म्हणजे आपलं 'बघू'. समोरचा समजतो."

मी छातीवर हात ठेवला आणि अगदी अदबीने म्हणाले, "इन्शाल्ला."

"माशाल्ला!" ती मुलगी आनंदाने म्हणाली आणि प्रिंटरमधून पावती बाहेर आली.

पावती परत कशी द्यायची हे मला सुचेना. घरी येऊन नवऱ्याला फोन केला तर तो इतका हसला की मागे कुणीतरी "सब ठीक?" असं विचारलेलं मला ऐकू आलं. मुलगा शाळेतून आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई, यू कान्ट इव्हन पुट युअर फेस इन अ बकेट." हे खरंच होतं. लहानपणी माझा भाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत टिळक टँकवर जायचा आणि मला शिवणाच्या क्लासला घातलं होतं. त्यामुळे मला काज-बटण उत्तम येतं.

शुक्रवारी मॉलमध्ये जाऊन पोहायचे कपडे घेतले. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारे, वर टोपी. "एकशे ऐंशी दिरहम," मी म्हणाले, "म्हणजे चार हजारांच्या वर! एवढ्यात साडी येते." नवरा म्हणाला, "साडी नेसून बुडशील."

सोमवारी क्लबच्या दारातच एक उंच, रुंद बाई माझ्या पुढे आत शिरली. काळा अबाया, आणि चेहऱ्यावर इथल्या जुन्या बायका घालतात तो छोटा मुखवटा: कपाळावर एक पट्टी, नाकावरून खाली उभी दुसरी, सोनेरी झाक मारणारी. मधून फक्त डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडे रोखून बघत होते. मी घाबरून बाजूला झाले. थोड्या वेळाने पाण्याच्या काठावर माझ्या शेजारी एक गोल चेहऱ्याची, गालांना खळ्या पडणारी आजी येऊन बसली. नाकावर निळसर डाग होता. मुखवट्याच्या कापडाचा रंग उतरून पडलेला तो डाग बघितला तेव्हा कुठे मला कळलं की ही तीच.

"तुम किदर से? बॉम्बे?" तिने विचारलं.

"पूना."

"पूना बॉम्बे का बाजू में," तिने स्वतःच ठरवून टाकलं. तिची हिंदी घरची स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि तीस वर्षांपासूनचा शिंपी यांच्याकडून जमा झालेली होती. मी तिला खाला म्हणायला लागले. खाला म्हणजे मावशी, हे दोघींनाही चालणारं होतं.

शिकवणारी बाई इजिप्तची होती. तिला सगळ्या 'कॅप्टन' म्हणायच्या. वर्गात आठ जणी होत्या. त्यांपैकी सहा युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुली, त्या पहिल्या आठवड्यातच पलीकडे खोल पाण्यात गेल्या. अलीकडे, कमरेइतक्या पाण्यात, काठाची दांडी धरून पाय मारत आम्ही दोघीच उरलो. कॅप्टन ओरडायची, "यल्ला, गुडघे वाकवू नका!" खाला माझ्याकडे वळून म्हणायची, "घुटना अल्ला ने दिया, टेढ़ा करने के लिए." आम्ही दोघी हसत सुटायचो, पण दांडी सोडायचो नाही.

तिसऱ्या आठवड्यात कॅप्टनने दांडी सोडायला लावली. माझ्या पाठीखाली हात धरून म्हणाली, "वर छताकडे बघ. श्वास घे. मी आहे." मी छताकडे बघितलं. दिवे मोजायला लागले. चौथ्या दिव्याला माझ्या लक्षात आलं की पाठीखाली हात नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. नाकातोंडात पाणी गेलं, पाय कुठे टेकेना, आणि हाताला जे लागलं ते मी धरलं. ते कॅप्टनचं डोकं होतं. तिची टोपी माझ्या मुठीत आली, चार केसही आले, आणि पलीकडच्या सहा मुली पोहायच्या थांबून बघायला लागल्या. मी उभी राहिले तेव्हा पाणी माझ्या बरगड्यांपर्यंतसुद्धा नव्हतं.

कॅप्टन टोपी घालून म्हणाली, "पुन्हा करू." मी म्हणाले, बाथरूमला जाऊन येते. गेले ती कपडे बदलून सरळ घरी.

बुधवारी मी क्लबला मेसेज पाठवला: ताप आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच मेसेज. नवऱ्याला वाटलं मी जाते आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळा बुडवणाऱ्या पोरासारखी मी घरात बसून होते. वीस वर्षं वर्गात पोरांना सांगत आले होते, चुकलं तर चुकलं, फळ्यापाशी या. स्वतःवर आल्यावर मात्र फळ्याकडे बघवेना.

त्या सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास मी थालीपीठ थापत होते. दाराची बेल वाजली. कुरियरवाला असेल म्हणून कोपरापर्यंत भाजणी लागलेल्या हाताने दार उघडलं, तर दारात मुखवटा घातलेली खाला उभी. मागे ड्रायव्हर, त्याच्या हातात थर्मास आणि भली मोठी झाकलेली डिश. माझा पत्ता क्लबातून मिळाला नव्हता म्हणे, तर तिने ड्रायव्हरला क्लबच्या आसपासच्या इमारतींच्या वॉचमनांकडे पाठवून 'पूनावाली मॅडम' शोधून काढली होती. अल ऐनमध्ये माझ्या दारात आलेली ती पहिली पाहुणी.

ती आत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्याला लावून बघितला.

"किदर बुखार?"

माझ्या हाताला भाजणी, गॅसवर तवा तापलेला, आणि कांद्याचा वास घरभर. खोटं बोलायला जागाच नव्हती. मी म्हणाले, "खाला, बुखार नहीं. डर गई."

तिने मुखवटा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. "हम को मालूम था," ती म्हणाली. "तुम कल आओ. कल नहीं, बुधवार."

"मला नाही जमणार, खाला. सब लोग देखते."

"तुम नहीं आएगा तो हम क्या करेगा? वो छे लड़की मछली के माफिक जाता है. एक तुम था, हम से जास्ती डरने वाला. तुम को देख के हम को हिम्मत आता था."

इतकी प्रामाणिक स्तुती माझी कुणी केली नव्हती. मी हसले आणि मग का कोण जाणे, रडलेही. तिने थर्मासमधलं काळ्या वाळवलेल्या लिंबांचं गरम पाणी मला पाजलं. ताप नसला तरी चालतं म्हणाली. मी तिला थालीपीठ वाढलं. लोण्याचा गोळा बघून तिने मान डोलावली आणि दोन खाल्ली.

तिसरं खाता खाता तिने सांगितलं ती पोहायला का आली ते. त्यांच्या शेतावर एक तलाव बांधलेला आहे. मागच्या हिवाळ्यात तिची सर्वांत धाकटी नात, चार वर्षांची, पाय घसरून त्यात पडली. खाला दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"हम चिल्लाया. बस. चिल्लाया." तिने ताटातला तुकडा खाली ठेवला. "माली कूदा, निकाला. लड़की ठीक है, हँसता है. हम को नींद नहीं आता."

तिच्या मुलींनी तिला सांगितलं होतं, तलावाला जाळी बसवू, तू कशाला या वयात. जाळी बसवलीही. पण तरी ती क्लबात आली.

मी तिच्या ताटात लोणी वाढलं.

बुधवारी बरोबर साडेनऊला तिची गाडी आमच्या इमारतीखाली होती. मी टाळू शकणार नाही याची तिने व्यवस्था केली होती. कॅप्टनची माफी मागायला मी दोन वाक्यं पाठ करून गेले होते. ती म्हणाली, "खलास, झालं ते झालं. माझ्या टोप्या स्वस्तातल्या असतात." मग पुन्हा तिचा हात, पुन्हा छत. या वेळी मी दिवे मोजले नाहीत. शेजारून खाला मोठ्याने म्हणत होती, "पूना, पेट ऊपर! पेट ऊपर!" हात केव्हा निघाला मला कळलं नाही. कान पाण्याखाली होते, त्यामुळे सगळं शांत होतं, आणि मी पडून होते. कदाचित दहा सेकंद. उठले तेव्हा पलीकडच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मला त्यांचा अजिबात राग आला नाही.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. क्लबातल्या तलावाची रुंदी पार करायची. मी मधे एकदा पाय टेकवला, कॅप्टनने दुसरीकडे बघितलं. खालाने टेकवला नाही. मान ताठ वर, हात म्हशीने चिखल तुडवावा तसे, तोंडाने देवाचं नाव आणि मधेमधे मला हुकूम. पण भिंतीला हात लावूनच थांबली. कॅप्टन म्हणाली, हा प्रकार कुठल्या पुस्तकात नाही, पण पास.

नोव्हेंबरात तिने आम्हा तिघांना शेतावर बोलावलं. पुरुष तिकडे बाहेरच्या बैठकीत, मजलिसमध्ये कॉफी पीत बसले, आम्ही बायका तलावापाशी. खालाच्या तिन्ही मुली काठावर फोन धरून उभ्या होत्या आणि आईला सारखं काहीतरी सांगत होत्या. तिने त्यांना हाताने मागे सारलं, जाळीचं दार उघडलं आणि पायऱ्यांनी पाण्यात उतरली. मग नातीला हाक मारली. नात आजीच्या गळ्यात पडली, आणि आजी तिला घेऊन छातीइतक्या पाण्यात चालत राहिली, इकडून तिकडे, तिकडून इकडे, बराच वेळ.

"तुम क्यों खड़ा है?" मला ओरडली. मी कपडे आणले नव्हते. तिच्या मोठ्या मुलीने स्वतःचे दिले. ते मला ढगळ झाले, पण मी पाण्यात उतरले.

निघताना आमच्या डिकीत खजुराची पेटी आणि दोन लाल भोपळे ठेवले गेले. नवरा म्हणाला, एवढ्याचं करायचं काय? मी दुसऱ्या दिवशी घारगे केले आणि खालाच्या ड्रायव्हरला बोलावून त्याच्याबरोबर डबा पाठवला. संध्याकाळी खालाचा फोन आला. मुलींनी सगळे संपवले, तिला एकच मिळाला, आणि आता ती पुढच्या शुक्रवारी स्वतः येऊन बघणार होती की हे करतात कसं.