कमरीपेठेतल्या गुळाच्या दुकानाची जमीन

माझे काका मुकुंदराव हट्टी होते आणि तो हट्ट साऱ्या घराला नडला, हे मी आधीच सांगून टाकते. कमरीपेठेत त्यांचं गुळाचं दुकान, आजोबा कोल्हापूरकडून हुबळीला आले तेव्हापासूनचं. दुकानाला पायरी नको, असं आमच्याकडे पक्कं मानायचे. लक्ष्मी सपाट वाटेनं येते म्हणे! दर अमावास्येला काका उंबऱ्यावर नारळ फोडायचे. नव्वद सालानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि दुकान खाली राहिलं. काका उलट खूश. म्हणायचे, “आता गिऱ्हाईक घरंगळतच आत येईल.”

गिऱ्हाइकाआधी पाणी आलं. पूर्वी आठवडाभर भुरभुरणारा पाऊस आता तासाभरात कोसळायचा आणि गटारं तुंबायची. २००५ साली खालच्या साऱ्या ढेपा विरघळल्या. शेजारचे धान्यवाले सत्याप्पा तेव्हाच शहाणे झाले. मुरूम टाकून त्यांनी दुकानाची जमीन चांगली उंच उचलून घेतली, पायऱ्या बांधल्या. अनुसयाकाकूनं काकांच्या विनवण्या केल्या.

“अहो, माझ्या पाटल्या मोडा, पण जमीन उचलून घ्या. एकदाच काय तो खर्च.”

“पायऱ्या चढून गूळ घ्यायला कोण येतंय?”

सत्याप्पांकडे येत होते की! त्यांचा खर्च दोन पावसाळ्यांत वसूल झाला, कारण माल भिजायचाच थांबला. काकूच्या पाटल्याही मोडल्याच, पण वाहून गेलेला गूळ पुन्हा भरण्यात. काकांना हे दिसत होतं. दिसूनही ते नुसते नारळ फोडत राहायचे, याचाच मला संताप यायचा.

२००९ साली दिवाळीचा माल नुकताच भरला होता. भर दुपारी सत्याप्पा ओरडले, “मुकुंदअण्णा, नीर बंतु! पाणी आलं!”

काकू आणि मी धावलो. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून बादलीनं पाणी बाहेर फेकत होते आणि ते तसंच आत येत होतं. सगळं तांबडं, चिकट. ढेप उचलायला जावं तर हाती नुसतं ओलं गोणपाट. मला रडू फुटलं. काका तर कधीचे रडत होते.

काकूनं त्यांच्या हातातली बादली काढून घेतली.

“ऐकतो तुझं,” काका म्हणाले. “उद्याच गवंडी बोलावतो. जमीन उचलून घेऊ.”

“घ्या उचलून,” काकू म्हणाली. “वर मांडायचं काय?”