छपरावरचा दादरा

मी सोलापूर सोडलं त्या सकाळी आईने मला धड निरोपसुद्धा दिला नाही. टॅक्सी दारात उभी, बॅगा डिकीत, शेजारणी डोळ्यांना पदर लावून तयार, मी तिच्या गळ्यात पडायला हात पसरलेले, आणि नेमका तेव्हाच नळ आला. चार-पाच दिवसांनी. आई गर्रकन वळली, पदर खोचला आणि आतूनच ओरडली, "पाणी आलंय गं! तू जा, नीट जा!" हंड्यावर वाकलेली तिची पाठ, एवढंच मला दिसलं. इथे लंडनला, हॅरोच्या पार्ट्यांमध्ये हा प्रवेश मी साभिनय करून दाखवते. हंडा म्हणून कुणाचीतरी हँडबॅग घेते. लोक हसून लोळतात.

पुढची गोष्ट मात्र मी पार्टीत सांगत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही एकतर तिथे पाणी भरत असाल, नाहीतर माझ्यासारखे इथे येऊन राहिला असाल.

हॅरोत नळ सोडला की पाणी यायचं आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मग मुलगी युनिव्हर्सिटीला कार्डिफला गेली, आणि मी आणि प्रकाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पन्नाशीच्या उंबरठ्यावर वेडेपणा केला. घर सोडलं आणि कॅनॉलवर एक नॅरोबोट घेतली. एसटीहून लांब, एसटीहून अरुंद, असं लोखंडी घर. आत एक लाकडाचा स्टोव्ह. छपरावर मधोमध पितळेची छोटी भूछत्रं, एकामागे एक. ती कशासाठी असतात हे बोट विकणाऱ्या माणसाने आम्हाला दोनदा सांगितलं होतं. आम्ही दोन्ही वेळा माना डोलावल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात पुढचं लॉक, म्हणजे बोटींना वर-खाली नेणारा कॅनॉलचा दरवाजा, दुरुस्तीसाठी बंद झालं आणि आमची बोट अडकली. पाण्याची टाकी भरायचा नळ लॉकच्या पलीकडे. प्यायचं पाणी प्रकाश कॅनमधून ओढून आणायचा. आंघोळीला आणि भांड्यांना मात्र पावसाचं. छपराच्या कडेने पन्हळ, पन्हळीतून पाइप, पाइपखाली निळं पिंप. मी, सोलापूरची मुलगी, आभाळातून फुकट पाणी गोळा करत होते! पिंपात धार पडायला लागली की मी अक्षरशः टाळ्या वाजवायची.

त्यात आई आली. पहिल्यांदाच. तिने लंडन पाहिलं नाही, राजवाडा पाहिला नाही. तिने पिंप पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. पिंपाच्या तोंडाला लगेच पांढऱ्या सुती कापडाचा दादरा बांधून घेतला, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा, करकचून. "उघडं तोंड ठेवू नये बघ कशाचं," हे मी जन्मापासून ऐकत आलेय. ताक, पीठ, मीठ, आमच्याकडे जे जे उघडं ते ते बांधलेलं.

स्वयंपाकघरातल्या फोडणीने धुराचा अलार्म बोंबलायला लागला, तेव्हा आईने जावयाकडून तो उतरवून घेतला. शेजारचा दुसराही उतरवला, हा का सोडा म्हणून. दोन्ही गोधडीत गुंडाळून पलंगाखाली. दाराच्या जाळीतून गार वारा येतो म्हणून तिथे तिच्या जुन्या पातळाचा बोळा. बोट कशी उबदार झाली! मी घरी येऊन म्हणायची, "आई, जादू केलीस."

त्या दिवशी मी ऑफिसात होते आणि पाऊस फार मन लावून पडत होता. दुपारी प्रकाशचा फोटो आला. बोटीचं छप्पर, आणि त्या प्रत्येक भूछत्रावर प्लास्टिक, प्लास्टिकवर पांढरा दादरा, सुतळीची गाठ. खाली लिहिलं होतं, "पक्षी घाण करतात, ती पाण्यात उतरते म्हणे. सासूबाईंचा हुकूम. बरण्या तयार!" मी मोठ्याने हसले. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीलाही दाखवला.

परतीच्या ट्रेनमध्ये मी तो फोटो पुन्हा उघडला. परत हसायला. बरण्यांच्या मागे धुराडं होतं. धुराडं सुरू होतं. धूर वर न जाता छपरावर आडवा पसरला होता.

हसू तोंडावरच राहिलं. ती भूछत्रं कशासाठी असतात ते आता आठवलं: आत हवा खेळती राहायला. प्रकाशला फोन केला. वाजला, वाजला, थांबला. आईला केला. तोही वाजून थांबला. नंतर स्टेशनं इतक्या सावकाश आली की प्रत्येकाची पाटी मला पाठ झाली.

टोपाथवर, कॅनॉलकाठच्या पायवाटेवर, चिखल, पाच वाजायच्या आतच अंधारलेलं. शेजारच्या बोटीतली मॉरीन खिडकीतून डोकावली. "तो आवाज तुमच्याकडचाच ना, लव्ह? बराच वेळ चाललाय. मला वाटलं तुमचा तो शिट्टीवाला कुकर."

मी थांबून ऐकलं. गोधडीच्या आतून, लोखंडाच्या आतून, अगदी बारीक. टीं, टीं, टीं, टीं.

दार उघडलं तर आत सगळं छान होतं. खरंच सांगते, इतकं छान घर मी पाहिलं नव्हतं. दिवा पिवळा, स्टोव्ह लालबुंद, आई खुर्चीत मान टाकून झोपलेली, गाल लाल. प्रकाश जमिनीवर बसून कपाळ दाबत होता. "फ्लू आलाय बहुतेक," तो म्हणाला, "तो आवाज बंद कर ना, मंजू."

"ऊठ! बाहेर! बाहेर हो!"

"आईंना झोपू दे की."

आईला हाक मारली, ती हलली नाही. मॉरीन आली, मी बगलेत हात घातले, तिने पाय धरले, आणि आम्ही तिला ओढत बाहेर चिखलात, पावसात आडवी केली. प्रकाश मागून रांगत आला. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता आणि ती ते पुसत नव्हती. "आई, पाणी," मी म्हणाले, दुसरं काही सुचेचना. "आई, बघ पाणी आलंय."

मॉरीनने फोन करून बोलावलेल्या ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा पुलावर दिसला तेव्हा तिच्या पापण्या हलल्या. "दार उघडं टाकलंस?" ती पुटपुटली. "ऊब गेली की गं सगळी."

हॉस्पिटलात दोघांना ऑक्सिजन लावला. स्टोव्हचा कार्बन मोनॉक्साइड, डॉक्टर म्हणाले, वास नसलेलं विष; पलंगाखालचा दुसरा अलार्म त्याचाच होता. दोघं वाचली. पण जिभेवरचे शब्द आईला बरेच दिवस सापडत नव्हते. माझं नाव आठवायला ती खिडकीकडे बघायची. एकदा नर्सने तिचा मास्क घट्ट केला, तर आईने तिचा हात धरला आणि मान जोरजोरात हलवली. बांधू नको, बांधू नको.

ती परत गेली. सोलापुरात तिने स्वयंपाकघराची खिडकी, धुळीमुळे कायम बंद असायची ती, उघडून ठेवली आहे म्हणे. फोनवर त्याबद्दल बोलत नाही.

आणि आम्ही अजून बोटीतच राहतो. इथे आल्यापासून मी घर म्हणजे ऊब असंच समजत होते, तुमच्यातले बरेच जण अजूनही समजत असतील. आता ऊब जास्त झाली की मला भीती वाटते. आडवं पडल्यावर त्या भूछत्रातून गार वारा थेट माझ्या कपाळावर पडतो. प्रकाश म्हणतो, कूस बदल. मी बदलत नाही. तो वारा लागत असतो तोवर आत सगळे श्वास घेताहेत हे मला कळतं, आणि तेवढ्या जागेला मी घर म्हणते.