काकींच्या कौलावरची डबी

मिरजेतल्या इस्पितळांना वायफाय बसवून देणं हा माझा धंदा. त्यामुळे सीमेवर असलेला माझा शाळासोबती फोनवर म्हणाला, "रजा न्हाई गड्या, पण पोरीचं बारसं मला दिसलं पायजे," तेव्हा मी ऐटीत हो म्हटलं. पोरगी जन्मल्यापासून त्याने तिला नुसतं फोटोत पाहिलं होतं.

त्याचं गाव पाटणच्या पलीकडे, डोंगराच्या बेचक्यात. रेंज फक्त वरच्या खिंडीत. खिंडीपासून त्याच्या घरापर्यंत मी घरांच्या कौलांवर एकेक डबी बसवली. एकीनं पकडायचं, पुढचीला द्यायचं. गावकऱ्यांना म्हटलं, "पाटाचं पाणी समजा. मधे कुणी जास्त ओढलं की शेवटच्या रानाला कमी." सगळ्यांनी माना डोलावल्या.

घोळ एवढाच, की मधलं घर त्याच्या चुलतीचं. बांधावरच्या फणसावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद. डबी कुणासाठी हे काकींना पक्कं ठाऊक होतं, पण मी "तुमाला वायफाय फुकट" म्हणताच त्यांनी स्वतः शिडी धरली.

बारशाला मी कॅमेरा लावला. वर हौस म्हणून भावकीच्या ग्रुपवर लिंकही टाकली. पाळणा सजला आणि मित्राकडचं चित्र थिजलं.

"आरं, नुसता पाळण्याचा दांडा दिसतोय!" तो फोनवर ओरडला. आवाज तेवढा जात होता. बायका खोळंबल्या. त्याला तसाच फोनवर धरून मी एकेक घर तपासत निघालो.

काकींच्या घरात पाणी मुरत होतं. काकी, सुना, नातवंडं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि प्रत्येक मोबाईलवर बारसं!

"आवं काकी, हे बंद करा आन् चला की. पलीकडंच तर हाय."

"मला आवतन दिलंय व्हय कुणी?" काकींनी डोळे पुसले. "आन् तुजं चालत न्हाई. घरच्या माणसानं द्यावं लागतं."

मी घरचा माणूस त्यांच्यापुढे धरला.

"काकी, माज्या पोरीच्या बारशाला या. समद्यांना घिऊन या."

काकींनी डोक्यावरून पदर घेतला, सगळ्यांचे मोबाईल बंद करून फडताळात कोंबले आणि निघाल्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पुढे पळत सुटलो. मित्राच्या आईने सरकून त्यांना पाळण्यापाशी जागा करून दिली.

आता चित्र लख्ख होतं. फक्त त्यात काकींची पाठ तेवढी दिसत होती.

"काकी, बाजूला सरा की! पोरगी दिसंना!"

"दिसंल रं. आधी मला बघू दे." मनसोक्त बघून झाल्यावर त्यांनी पोरीला उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. "घे, बघ. नाक तुज्या चुलत्याचं हाय."

पलीकडून आवाजच येईना. परत अडकलं की काय, म्हणून मी घाईने फोन पाहिला. सगळं व्यवस्थित चालू होतं. गडी टोपीनं डोळे पुसत होता.