माशांचा ओणम

आमच्या परवूरला दिवाकरन आणि विलासिनी या नवराबायकोच्या अंगणात माशांच्या दोन टाक्या आहेत, कारण एका टाकीत त्यांचं कधी पटलंच नसतं. रचना दोन्हीकडे एकच. टाकीतलं पाणी वरच्या खडीच्या वाफ्यात चढतं, तिथला लाल माठ माशांची घाण खाऊन वाढतो आणि निवळलेलं पाणी खाली परत येतं. भांडण होतं ते एवढंच, की टाकीत गोल्डफिश किती सोडायचे.

दिवाकरनच्या टाकीत मोजके. ऐसपैस वाढलेले, झुलत्या शेपटीचे, बघत राहावं असे. वरचा माठ मात्र दुखण्यातून उठल्यासारखा फिकट. विलासिनीच्या टाकीत दाटीवाटी. मासे बोटभरच, पण माठ असा की चिरताना हात रंगावेत.

"तुझी टाकी आहे की परवूरचा बसस्टँड?" तो म्हणायचा.

"आणि तुमची नुसती शोभा. शोभेची भाजी होते का?"

भाजीचं त्याला काय. पानात वाढलेला माठ तो जन्मभर बाजूला सारत आलाय.

त्या वर्षी त्यांच्या श्रीजाचा लग्नानंतरचा पहिला ओणम होता. मुलगी-जावयाबरोबर विहीणबाईही जेवायला येणार होत्या. या सरस्वती अम्मांनी लग्नातच ऐकवलं होतं, की आम्ही विकतची पालेभाजी खात नाही. विलासिनीनं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "ओणमला या. माझ्या माशांच्या पाण्यावरचा माठ वाढते." तेव्हापासून तिची सगळी इभ्रत त्या टाकीत पोहत होती.

ओणमला आमच्याकडे मुंगीलाही उपाशी ठेवत नाहीत. तिच्यासाठी भिंतीवर तांदळाचं पीठ लावतात, पालीच्याही वाट्याचं काढतात. आदल्या संध्याकाळी विलासिनीला वाटलं, मग माशांनीच काय पाप केलंय? तिनं दोन्ही टाक्यांत मूठमूठ गूळभात सोडला. आपल्या टाकीत आणखी एक मूठ टाकली, लेकरं जास्त म्हणून.

सकाळी मी शेजारून रांगोळीची फुलं द्यायला गेले तर ती टाकीशी रडवेली उभी. उरलेला भात नासून पाण्याला आंबूस वास सुटला होता. सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकत होते, काही कलंडलेही होते. दिवाकरनचे मासे मात्र ओणम पचवून मजेत फिरत होते.

"बोला आता. बोलून घ्या एकदा," विलासिनी म्हणाली.

दिवाकरननं कमरेचा मुंडू वर खोचून जाळी घेतली आणि तिचे मासे भराभर आपल्या टाकीत सोडू लागला. तिथं त्यानं आजवर एक जादा मासा येऊ दिला नव्हता. तीही टाकी भरत आली तेव्हा मला म्हणाला, "चेची, आतली मोठी उरुळी आणा."

"अहो, ती पायसमची आहे. खीर कशात शिजवू?" विलासिनी म्हणाली.

"पायसम कुकरात कर. मासे कुकरात ठेवू का?"

विहीणबाई आल्या तेव्हा पडवीत काशाची पसरट उरुळी विहिरीच्या पाण्यानं भरलेली आणि तिच्यात मासे. त्यांनी चष्मा सावरून वाकून पाहिलं.

"विलासिनी, आमच्याकडे यात पायसम करतात."

"आमच्याकडेही," विलासिनी म्हणाली. "आज पाहुणे जरा जास्त झाले."

सरस्वती अम्मा हसल्या. जेवताना त्यांनी माठ दोनदा मागून घेतला. कुकरातल्या पायसमला नावं ठेवली आणि तेही दोनदा घेतलं.

पाहुणे गेल्यावर टाकी धुऊन, ताज्या पाण्यानं भरून झाली. विलासिनी बादली घेऊन आपले मासे न्यायला दिवाकरनच्या टाकीपाशी आली.

"निम्मे राहू देत इथंच," तो म्हणाला.

"गर्दी होईल. मग तुमच्या माशांच्या शेपट्या कशा वाढायच्या?"

"वाढतील तेवढ्या वाढतील. माझाही माठ जरा लाल होऊ दे."

"तुम्ही कुठं माठ खाता?"

"तू खातेस ना."