पहिल्या वर्षाच्या फोटोतली त्रेपन्न डोकी

जितेंद्र परबने ठाण्याहून पाठवलेलं कार्यक्रमपत्रक छापायला लीलाच्या मशीनला दोन मिनिटं लागली, पण ते वाचायला लीलाला चांगला अर्धा तास लागला. दोन दिवसांचं स्नेहसंमेलन, आणि त्याचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडलेले. नऊ ते नऊ-वीस स्वागत. नऊ-वीस ते नऊ-चाळीस आइसब्रेकिंग. लीलाने तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मालवणात बर्फ फोडतात तो मच्छीमार्केटात, माशांवर घालायला. हॉलमध्ये कशाला फोडायचा? त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत होतं: ‘स्वपरिचय – पद, संस्था, आजवरचं यश. वेळ दीड तास.’

लीला गिरकरचं झेरॉक्सचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर आहे. गेली चोवीस वर्षं ती तिथे बसते. फॉर्म कुठला, कुठल्या रकान्यात काय लिहायचं, जातीच्या दाखल्यासाठी कुणाला भेटायचं, हे कॉलेजच्या खिडकीवर विचारण्याआधी मुलं लीलाकाकीला विचारतात. ती स्वतः याच कॉलेजात दोन वर्षं शिकली. दुसऱ्या वर्षी आईने अंथरूण धरलं, परीक्षा बुडाली. पुढल्या वर्षी बसू म्हणता म्हणता लग्न झालं, कोल्हापुरातून एक जुनं मशीन आलं आणि दुकान सुरू झालं. याचं तिला फार दुःख होतं असं नाही. नवरा गुरुदास एसटी डेपोत मेकॅनिक, हसरा माणूस. दुकान जोरात चालतं. पण कुणी ‘तुझं शिक्षण?’ असं विचारलं की ती लगेच मशीनमधला कागद नीट करायला वळते, हे गुरुदासच्याही लक्षात आलं होतं.

जितेंद्रने तिला बॅचच्या ग्रुपमध्ये घेतलं ते ऑगस्टमध्ये. ‘लीला स्थानिक व्यवस्था बघेल,’ असा त्याने मेसेज टाकला आणि एकतीस जणांनी अंगठे दाखवले. तिने हॉल ठरवला, राहायच्या खोल्या ठरवल्या, जेवणाचं सांगितलं. सगळं बिनबोभाट चाललं होतं. पण ते पत्रक वाचल्यावर तिने दुकानाच्या कपाटातून पहिल्या वर्षाच्या गॅदरिंगचा ग्रुप फोटो काढला, मशीनवर मोठा केला आणि लाल पेनाने एकेका डोक्यावर आकडा घातला. शिक्षक सोडून त्रेपन्न डोकी भरली.

तिने जितेंद्रला फोन लावला. “अरे, आपल्या वर्गात त्रेपन्न माणसं होती. ग्रुपवर मी सोडून एकतीस कशी?”

“एकतीसच आहेत. मी पास झालेल्यांची यादी मागवली होती ना,” जितेंद्र म्हणाला. “बॅच म्हणजे पदवी घेतलेले, लीला.”

मग त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं. “म्हणजे तुला धरून नाही म्हणत मी.”

“मी मात्र माका धरूनच म्हणतंय,” लीला म्हणाली.

जितेंद्र वाईट माणूस नव्हता. एका मोठ्या कंपनीत त्याच्या हाताखाली दोनशे लोक होते, त्यामुळे माणसं यादीतून ओळखायची त्याला सवय लागली होती, इतकंच. तो म्हणाला, “बाकीचे सापडतील का पण?”

“सापडतले. खंय जातले?”

यादीबाहेरच्या बावीसपैकी एक ती स्वतः. दोघं आता या जगात नव्हते. उरले एकोणीस. पुढचा महिनाभर दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा लीलाच्या कानाला फोन असायचा. एकीकडून दुसरीचा नंबर मिळायचा, दुसरीकडून तिच्या भावाचा. सोनल सावंतवाडीत लाकडी खेळण्यांना रंग देत होती. अजय विजयदुर्गला हापूसची कलमं सांभाळत होता. शर्मिला वैभववाडीच्या बाजारात चपलांच्या दुकानात बसत होती. लीलाचा आवाज ऐकून तिने फोनवरच अशी आरोळी ठोकली की तिच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. सतरा जण सापडले. सगळ्यांना आनंद झाला. आणि पत्रक वाचून दाखवून ‘येतलंस मां?’ असं विचारलं की सगळ्यांचा आवाज एकदम खाली जायचा. कुणाकडे लग्न होतं, कुणाची गाय व्यायची होती, कुणाला ‘बघतंय’ एवढंच म्हणायचं होतं.

लीलाला वाटलं, एवढी लग्नं एकाच शनिवारी कशी?

खरं कारण तिला सत्यवान तांडेलने सांगितलं. सत्यवान शोधायची गरज नव्हती. तो मालवणातच चिवल्याच्या किनाऱ्यावर राहायचा आणि भावकीची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, सांभाळायचा. वर्गात असताना तो सगळ्यांत मागच्या बाकावर बसून सगळ्यांच्या नकला करायचा. एका संध्याकाळी लीला दुकान बंद करून त्याच्याकडे गेली. तो होडीच्या सावलीत बसून जाळं सांधत होता.

“लीले, तू बोलवूक इलंस ह्या बरा केलंस,” तो मान वर न करता म्हणाला. “पण मी येवचंय नाय.”

“कित्याक? तुझ्याकडेपण गाय व्याता?”

सत्यवान हसला. “तुझ्या दुकानात तो कागद लावलंस मां? वाचलो मी. प्रत्येकान उठान सांगूचा, मी अमक्या कंपनीत तमको सायब. माझी पाळी इली की काय सांगू? बारावी पास, एफवाय नापास, हाल मुक्काम चिवला?”

लीला त्याच्या शेजारी वाळूत बसली. तो दीड तास आपण कुठे तोंड लपवायचं हाच विचार गेला महिनाभर तिच्याही डोक्यात होता. जेवणाची पानं बघायला म्हणून मागे जायचं, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. म्हणजे निमंत्रणात काही खोट नव्हती. खोट त्या पत्रकात होती.

“सत्या,” ती एकदम म्हणाली, “रापण ओढूक माणसा किती लागतत?”

“दोन्ही दोरांक मिळान तीस-चाळीस.”

“आणि ओढूचा कसा ता शिकवूक लागता?”

सत्यवानने हातातली सुई खाली ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. “पाय रोवूचो आणि मागे जावचा. पण आरडूक लागता.”

“मगे तू आरड. शनिवारी सकाळी सातांक.”

त्या रात्री जेवण झाल्यावर लीलाने नवं पत्रक केलं. शनिवार सकाळ: चिवला किनारा, रापण. त्यापुढे वेळेचा रकाना तिने मोकळाच ठेवला, कारण समुद्र वीस मिनिटांचा हिशोब पाळत नाही. दुपारी जेवण. रविवारी कॉलेजात जुन्या वर्गात बसणं, तेव्हाच्या वर्गशिक्षक सरांनी पहिल्या वर्षाची हजेरी घेणं. स्वपरिचयावर तिने काट मारली, आइसब्रेकिंगवर मारली, आणि जितेंद्रला पाठवून दिलं.

दहा मिनिटांत त्याचा फोन. “लीला, अगं लोक मुंबई-पुण्याहून येणार, आणि त्यांना आपण मजुरी करायला लावायची? निदान परिचय तरी ठेव. पंचवीस वर्षांनी कोण काय करतं हे कळायला नको?”

“कळतला. दोरी धरून बोलाक येता.”

“कुणाची कंबर धरली तर?”

“जितू,” लीला शांतपणे म्हणाली, “तू ओढूक येतलंस की नाय, तेवढा सांग.”

“येतलंय,” जितेंद्र म्हणाला. ठाण्यात गेल्यापासून त्याच्या तोंडून मालवणी शब्द पहिल्यांदाच ऐकला, असं त्याची बायको मागून म्हणाल्याचं लीलाला स्पष्ट ऐकू आलं.

मग तिने पुन्हा सतरा फोन केले. या खेपेला ‘संमेलन’ हा शब्दच काढला नाही. “सत्याची रापण आसा, माणसा कमी पडतत, ये गो,” एवढंच. एकाही घरचं लग्न आड आलं नाही.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी लीला साडेसहालाच चिवल्यावर हजर होती. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला लागत होती. सात वाजता माणसं जमली. एकीकडे पांढरे बूट, टोप्या, गळ्यात कॅमेरे. दुसरीकडे, वीस पावलांवर, अनवाणी पायांची, हाताची घडी घातलेली माणसं. दोन्हीकडून नुसतं हसू चाललेलं, पण मधली वाळू कुणी ओलांडेना. जितेंद्र हात चोळत म्हणाला, “मी थोडं प्रास्ताविक करू का?”

“प्रास्ताविक नंतर!” सत्यवानचा आवाज आला. “बूट काढा आधी! अर्धे ह्या दोराक, अर्धे त्या दोराक. मुंबयवाल्यांनी एका दोराक जमूचा नाय, जाळा वाकडा येतला!”

एवढ्याने काम झालं. मोठ्या बँकेत अधिकारी असलेली रश्मी चपलांच्या दुकानातल्या शर्मिलामागे उभी राहिली, अजयच्या पुढे पुण्याचा डॉक्टर आला, आणि जितेंद्रला सत्यवानने स्वतःच्या पुढ्यातच धरलं. दोर ताणले. पहिली दहा मिनिटं कुणाचंच तोंड उघडलं नाही, कारण दम नव्हता. समुद्र जाळं सोडेना.

“पाय रोव रे मेल्या!” सत्यवान ओरडला. “कंपनीत असोच काम करतंस?”

जितेंद्रने पाय रोवला, जोर लावला आणि सरळ वाळूत बसला. क्षणभर सगळे थबकले. मग जितेंद्रच हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याच्यामागे सगळा दोर हसायला लागला आणि जाळं पाच हात परत समुद्रात गेलं. सत्यवानने दोन्ही दोरांना मिळून शिव्या घातल्या. त्या त्याने जुन्या प्राचार्यांच्या आवाजात घातल्या, आणि ती नक्कल सगळे इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकत होते.

तिथून पुढे बोलणं आपोआप सुरू झालं. दोरावर सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, म्हणून की काय कोण जाणे, पण बोलायला सोपं जातं. रश्मीने शर्मिलाच्या पाठीशी बोलता बोलता सांगितलं की बँकेतली नोकरी तिने मार्चमध्येच सोडली, आणि अजून ग्रुपवर कुणाला कळवलेलं नाही. शर्मिला मागे न वळता म्हणाली, “बरा केलंस. आता रांधूक शिक.” डॉक्टरने अजयला आंब्यावरच्या तुडतुड्यांबद्दल इतके प्रश्न विचारले की शेवटी अजय म्हणाला, “अरे, आता थोडो ओढ पण!” लीला दुसऱ्या दोराच्या मध्यावर होती. तिच्या मागच्या बाईने विचारलं, “लीला, तू फायनलला कुठे होतीस गं? दिसली नाहीस.”

लीलाच्या दोन्ही हातांत दोर होता. वळायला जागा नव्हती. “फायनलला बसलंयच नाय,” ती म्हणाली. “आवस आजारी होती. मगे ऱ्हवला ता ऱ्हवला.”

“अगो, मी तर पाच वेळा बसलंय,” ती बाई म्हणाली. “पास केलानी ता दया म्हणान.”

सव्वा तासाने जाळ्याची पिशवी वाळूवर आली. सगळे धावले. वर घारी आणि बगळे गोळा झालेच होते. पिशवी उघडली तर आत चार टोपल्या बारीक पेडवे, थोडे बांगडे, दोन रागावलेले खेकडे आणि बरंचसं शेवाळ.

“एवढ्या शिकलेल्या माणसांनी ओढली आणि हीच मासळी?” सत्यवान कपाळाला हात लावून म्हणाला. पण मग त्याने टोपल्या पुढे ओढल्या आणि रीतीप्रमाणे वाटे घालायला बसला. दोर धरणाऱ्या प्रत्येकाला वाटा, मोठा-लहान नाही. जितेंद्रच्या ओंजळीत पाच पेडवे आणि एक बांगडा आला. तो वाटा त्याने मोबाइल बाजूला ठेवून दोन्ही हातांनी घेतला.

दुपारच्या जेवणाला त्याच पेडव्यांचं तिखलं, झणझणीत कालवण, होतं. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरासकट निम्मे जण चटईवर बसले. रविवारी सरांनी हजेरी घेतली तेव्हा ‘लीला गिरकर’ हे नाव यादीत नव्हतं, त्यांनी तिचं माहेरचं नाव पुकारलं आणि ती जागेवर उठून “हजर!” म्हणाली, ते जरा जास्तच मोठ्याने.

सोमवारी सकाळी सगळी पाहुणेमंडळी कुडाळ स्टेशनच्या वाटेला लागली. लीलाने दुकान उघडलं तेव्हा फाटकापासून परीक्षेच्या फॉर्मसाठी रांग होती. अकराच्या सुमारास ग्रुपवर पहिल्यांदाच सत्यवानचा मेसेज आला. व्हॉइस मेसेज, तब्बल तीन मिनिटांचा. मागे लाटांचा आवाज. पुढल्या वर्षीची तारीख त्याने कुणालाही न विचारता भरती-ओहोटी बघून ठरवून टाकली होती, आणि येताना जितेंद्रने हाफ पँट आणावी असं बजावलं होतं. त्याखाली पहिला अंगठा जितेंद्रचाच होता.

लीलाने तो मेसेज दुकानातल्या मुलांना मोठ्या आवाजात ऐकवला, फोन गल्ल्यावर उपडा ठेवला आणि रांगेतल्या पहिल्या मुलीला म्हणाली, “हां, नाव सांग. आधी आडनाव.”