उभा धागा

आमच्या जागेला कारखाना म्हणणं म्हणजे तुळजापुरातल्या एका लॉजमागच्या खोलीला उगाच थोरपण देणं. तीन मशिनी, कापडं बेतायचं एक लांब टेबल, आणि चाचा. चाचा म्हणजे गावातले सगळ्यांत जुने शिलाई कारागीर. पुण्यातल्या कपड्यांच्या कंपनीतली नोकरी सोडून मी इथं पुरुषांचे टिकाऊ शर्ट शिवायला निघालो, तेव्हा घरचे म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलाय." माझ्या अंगातल्या कंपनीच्या शर्टाची काखेतली शिवण चाचांनी दोन बोटांनी ताणली. ती टर्रकन उसवली.

"ह्याला शर्ट म्हणत्यात व्हय?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आले.

चाचांची हयात दुसऱ्यांच्या दुकानात गेली. कॉलरवर नाव कायम दुकानदाराचं. आमच्या शर्टाच्या आत मात्र पक्क्या शाईनं लिहिलेली एक सुती पट्टी असायची: कापूस तामलवाडीच्या कुणाच्या रानातला, कापड सोलापुरात कुणी विणलं, शर्ट कुणी शिवला. पट्टीवरचं स्वतःचं नाव चाचांनी पहिल्यांदा चष्मा पुसून पुसून वाचलं, आणि ती पट्टी घरी दाखवायला नेली.

त्यांची एक रीत होती. कापडाचा नवा तागा आला की त्यातला एक धागा ओढायचा, काडी लावायची, राख बोटांत चोळायची. मऊ राख म्हणजे निव्वळ कापूस. मगच कात्री.

पहिल्या मोठ्या ऑर्डरचे वीस शर्ट शिवून, घड्या घालून तयार होते. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जायचे होते. चाचांनी उरलेल्या चिंधीतला एक धागा सहज ओढून जाळला, चोळायला गेले आणि थांबले. बोटांत कडक मणी राहिला होता, म्हणजे सुतात पॉलिस्टर. हा धागा कापडाच्या लांबीतला, उभा होता. सवयीनं ते दरवेळी आडवाच ओढायचे. उभा कधी जाळलाच नव्हता. मी विणकराला फोन केला, त्यानं लगेच कबूल केलं. उभ्याला सूत कमी पडलं, माग बंद ठेवायला नको म्हणून बाजारचं मिश्र सूत घातलं, सांगायचं राहिलं.

"चाचा, जाऊ द्या," मी म्हणालो. "शर्ट कोण जाळून बघणार आहे?"

हे वाक्य माझंच. आज लिहितानाही कान गरम होतात.

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. "कुणी जाळून बघत न्हाय बेटा, म्हणून तर मी बघतो," एवढंच म्हणाले, आणि ब्लेड घेऊन एकेका शर्टाची पट्टी उसवायला बसले. मला वाटलं, नाव काढून घेतायत, उद्यापासून येणार नाहीत. चाचा नसतील तर त्या खोलीत उरणार काय, तीन मशिनी आणि एक टेबल.

त्यांनी वीस कोऱ्या पट्ट्या कापून माझ्यापुढं ठेवल्या. "माझं अक्षर बरं न्हाय. तुमी लिवा."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. जुन्या पट्टीवरचं सगळं, आणि त्याखाली: 'उभ्या धाग्यात बाजारचं मिश्र सूत आहे. पारखायला मी चुकलो.' मग त्यांचं नाव.

"चूक विणकराची," मी म्हणालो. "तुमचं नाव कशाला?"

"त्याचं त्यो बघंल. पारखायचं काम कुणाचं हुतं? चांगल्या शर्टावर नाव, आन् चुकलं की गायब? असं कसं?"

कंपनीच्या काचेच्या केबिनींत मी पुष्कळ साहेब पाहिले. एवढा मोठा माणूस एकही नव्हता.

गाडी तर चुकलीच. विसावी पट्टी लिहिताना माझ्या लक्षात आलं, की पट्टीवर शेतकरी होता, विणकर होता, चाचा होते. माझं नाव कधीच नव्हतं. मालकाचं नाव कशाला हवं, असं मी चारचौघांत मिरवायचो. चाचांच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं, आणि आधीच्या एकोणीस पट्ट्या पुन्हा पुढ्यात ओढल्या.