मालकाची झाडं
परवा वखारीजवळ ओल्या निंबाच्या लाकडाचा कडवट वास आला आणि नव्वदच्या दशकातली उधन्याची आमची चाळ आठवली. तिच्या अंगणातल्या निंबाखाली आई आणि शेजारणी साड्यांना टिकल्या लावत बसायच्या. मालकाला तिथे कापड विणायच्या लूमची शेड हवी होती, म्हणून त्याने एका सकाळी निंब पाडला. बदल्यात नवी रोपं लावायचा पालिकेचा नियम होता, तर त्या हलकटाने त्याच निंबाच्या फांद्या तोडून मातीत खोचल्या! तपासणीला साहेब आले, तेव्हा लोचट हसत गुजरातीत म्हणाला, ‘ऊगी जशे, साहेब.’ उगवतील म्हणे! आईने पुढे होऊन एक फांदी उपटली आणि तिचं बिनमुळांचं टोक साहेबांसमोर धरलं. ‘साहेब, याले मूयच नई!’ बायका खो खो हसल्या. साहेबांनी मालकाला झापलं आणि खरी रोपं लावायला सांगितलं. त्याने ती लावली, पण मागच्या गल्लीतल्या स्वतःच्या बंगल्याच्या कुंपणालगत. जमीन त्याचीच, त्यामुळे नियम पाळला गेला. आमच्या अंगणात शेड उठली आणि बायका घरात, तापलेल्या पत्र्याखाली टिकल्या लावू लागल्या. आता बंगल्यासमोर गर्द सावली असते. म्हातारा मालक तिथे खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला झाडांचं महत्त्व सांगतो. मलाही एकदा सांगू लागला. मी त्याच्यासमोरच थुंकलो आणि पुढे निघालो.